कासच्या पठारावर कॅमेरा नेताना

सप्टेंबर लागला की कासच्या पठाराची छायाचित्रे सगळीकडे दिसू लागतात आणि त्यांतली बहुतेक एकसारखी असतात: वर पांढुरके आकाश, खाली हिरवे मैदान आणि त्यात विखुरलेले रंगाचे ठिपके. फुलांच्या ज्या गालिच्याने आपण प्रत्यक्षात हरखून जातो तो छायाचित्रात इतका विरळ का दिसतो, याचे उत्तर महागड्या कॅमेऱ्यात नसून आपण तो किती उंचीवर धरला आहे यात आहे.

उभे राहून खाली पाहिले की फुलांमधली मोकळी जमीन दिसते. गुडघे टेकून कॅमेरा जवळजवळ फुलांच्या पातळीला आणला की पुढची फुले मधल्या रिकाम्या जागा झाकून टाकतात. त्यातच २०० मिलिमीटरच्या आसपासची, दूरचे जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स लावून जरा दूरचा पट्टा टिपला, तर तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा रंग एकात एक मिसळून सलग दिसतो. आकाश ढगाळ असेल तर ते चौकटीतून सरळ वगळावे, कारण त्या पांढऱ्या पट्ट्याकडे नजर विनाकारण ओढली जाते. लांबच्या लेन्सचा दुसरा फायदा असा, की पायवाट सोडावी लागत नाही. जांभ्याच्या खडकावर मातीचा थर इथे अगदी पातळ आहे आणि २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटातल्या स्थळांपैकी हे एक आहे. चार फुले तुडवून मिळवलेले छायाचित्र कितीही सुरेख असले तरी मला ते पाहवत नाही.

प्रकाशाचे गणित मात्र नीट समजून घेण्यासारखे आहे. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. त्यामुळे पठारावर धुके उतरले की तो फसतो आणि शुभ्र धुके मळकट करून टाकतो. अशा वेळी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशोबात आपण करायची उजेडाची दुरुस्ती, अर्ध्या ते एका स्टॉपने वाढवावे (एक स्टॉप वाढवणे म्हणजे प्रकाश दुप्पट करणे). गेंदाची पांढरी फुले गडद हिरव्या गवतावर असतील तर नेमके उलटे घडते: मीटर गवताकडे पाहून प्रकाश वाढवतो आणि फुलाचा बारीक पोत पार पुसला जातो, म्हणून तिथे दोन तृतीयांश स्टॉप कमी करावा. ‘सीतेची आसवं’ ही जांभळी फुले टिपताना तर हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग वेगवेगळे तपासावेत, कारण एकूण आलेख ठीक दिसत असतानाही निळा रंग उजव्या टोकाला जाऊन आदळलेला, म्हणजे त्यातला तपशील गेलेला, असू शकतो. ही जांभळी छटा ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे रंगांचा तोल कॅमेऱ्यावर सोडला की, हमखास बदलते. मी ती रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून, घरी येऊन सुधारतो.

वाऱ्याशी भांडण्यात अर्थ नाही. नखाएवढे फूल डोलत असताना तिपाईही उपयोगी पडत नाही, म्हणून शटर १/५०० सेकंद ठेवावे, त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, ८०० किंवा १६०० झाला तरी चालेल, आणि झुळूक थांबताच सलग चार-पाच छायाचित्रे घ्यावीत. दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती पाहायला मिळाली तर तिच्यासाठी सूर्य समोरच्या बाजूला, किंचित तिरपा हवा: पानांवरच्या केसांच्या टोकाशी असलेले चिकट थेंब रोपाच्या मागून प्रकाश आला तरच चमकतात, आपल्या पाठीमागून ऊन घेतले तर सगळे सपाट दिसते.

गाडीतल्या एसीमधून कॅमेरा थेट दमट हवेत काढला तर काचेवर बाष्प धरते, तेव्हा पोहोचण्यापूर्वीच एसी बंद करावा आणि बॅग काही वेळ बंदच ठेवावी. मोबाईलवाल्यांनी आधी लेन्स पुसावी, मग फुलावर बोट ठेवून फोकस पक्का करावा आणि बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करावा. पोर्ट्रेट मोड मात्र बंद ठेवावा. गवताची पाती आणि पाकळ्यांच्या कडा त्याला वेगळ्या काढता येत नाहीत, आणि निम्मे फूल पार्श्वभूमीबरोबर धूसर होऊन बसते.