फायबरची होडी, महिना आठवा: काच शाबूत, लाकूड गेलं

परवा दूधगंगेत माझी फायबरची, म्हणजे काचेचे धागे रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) बसवून केलेली, होडी उतरवली. भोजला, वेदगंगा येऊन मिळते तिथून थोडं खाली, मामाच्या शेताकडेच्या घाटावर. चौघांनी उचलून नेताना शेवटच्या पायरीवर हात निसटला आणि तळ काळ्या दगडावर घासत पाण्यात गेला. मामा वरून ओरडले, "काचेची म्हणतोस, आणि दगडावरनं ओढतोस व्हय रे?" माझ्याही पोटात गोळा आला. परत काढून उलटी केली तेव्हा जेलकोटवर (सगळ्यात बाहेरच्या गुळगुळीत थरावर) वीतभर ओरखडा आणि मध्ये रुपयाएवढा पांढरट डाग. आतल्या बाजूनं नाण्यानं ठोकून बघितलं, आवाज खणखणीत. धागा तुटलेला नाही, फक्त वरचं रेझिन दुखावलंय. तेवढं घासून दोन थर देणार.

ज्यांनी मागचं वाचलं नाही त्यांच्यासाठी: होडी बारा फुटी, गोव्यात जुनी घेतली, मार्चमध्ये चोर्ला घाटातून टेम्पोनं बेळगावला आणली. विकणारा म्हणाला पंचवीस वर्षांची आहे. मेस्त्रींनी बघताक्षणी सांगितलं की एवढी जुनी फायबर म्हणजे भुसा, सोडून द्या. आठ महिन्यांनंतर माझं मत उलटं झालंय, आणि ते कशामुळे तेच आज लिहितोय.

तळाला जुन्या निचऱ्याच्या तोटीचं भोक चिरलेलं होतं. ते बुजवण्याआधी बाजूची दोन इंची चकती होल-सॉनं कापून काढली. व्हर्नियर लावला तर जाडी सहा मिलिमीटर. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर वजन केलं, 18 ग्रॅम. मग अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून गॅसच्या टॉर्चनं जाळली. काळा, घशाला झोंबणारा धूर निघाला (घरात हे अजिबात करू नका). रेझिन जळून गेलं आणि मागं राहिली नुसती काच. चिमट्यानं पापडासारखे पदर सोडवले: चार थर मॅटचे (काचेच्या आखूड धाग्यांची चादर), दोन थर विणलेल्या रोव्हिंगचे (जाड धाग्यांचं कापड). रोव्हिंगचे आडवे-उभे धागे पांढरेशुभ्र होते. परत काट्यावर ठेवलं, 6 ग्रॅम. म्हणजे वजनाचा तिसरा हिस्सा काच. हातानं थापलेल्या होडीत एवढी काच म्हणजे चांगलं काम. करणाऱ्यानं रेझिन ओतून जाडी वाढवली नव्हती, रोलर फिरवून जास्तीचं काढलं होतं. पंचवीस वर्षांनी त्या अनोळखी कारागिराचा हात दिसला, फार बरं वाटलं.

मग खराब काय होतं? ट्रान्सम. मोटर जिथं अडकवतात ती मागची फळी म्हणजे फायबरच्या दोन कातड्यांत घातलेलं प्लायवूड. मोटरच्या बोल्टची चार भोकं कोणीतरी तशीच पाडून सोडली होती, कडा बंद न करता. त्यातून पाणी झिरपत राहिलं. आतली कातडी ग्राइंडरनं कापली तर ओला चहाचा चोथा हातात आला, मूठभर पिळला तर पाणी गळलं. बाहेरून मात्र फळी ठणठणीत दिसत होती! नाण्याचा आवाज तेवढा 'बद्द' यायचा. जुनी होडी घ्यायला जाल तेव्हा खिशात एक नाणं ठेवा आणि पहिल्यांदा ट्रान्सम वाजवा, रंग नंतर बघा. नवीन फळी आयएस 710 चं (भारतीय मानकाचं) मरीन प्लाय, इपॉक्सीनं (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिननं) चिकटवलं. बोल्टची भोकं आधी मोठी पाडली, इपॉक्सीनं गच्च भरली आणि त्या भरावातून पुन्हा बोल्टच्या मापानं पाडली. आता पाण्याला लाकूड दिसतच नाही.

तळाला फोडही होते, चाळीसएक. खाडीत वर्षानुवर्षं उभी राहिलेली होडी, जेलकोटमधून पाणी सूक्ष्म प्रमाणात आत जातं, आतले विरघळणारे घटक घेऊन साचतं, आणखी पाणी ओढतं आणि फुगतं. टोच्यानं एक फोडला तर चिकट थेंब आला, वास व्हिनेगरचा. सगळे फोडून गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतले आणि एप्रिल-मे पूर्ण वाळवले. वाळलं का ते बघायला रात्री पॉलिथिनचा चौकोन चारी बाजूंनी टेपनं चिकटवायचा. सकाळी आतून दव धरलं तर थांबायचं. माझं मेच्या शेवटी कोरडं निघालं. वरून इपॉक्सी.

जुलैची चूक सांगतो. नाळेजवळच्या (पुढच्या टोकाच्या) तड्यावर मी भर पावसात ठिगळ लावलं. आपल्याकडची झड माहीत आहेच, आठवडाभर ऊन नाही. मॅट फरशीवर ठेवलेली, तिनं ओल धरलेली. हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) मी भीतभीत एक टक्क्याहून कमी घातला. चार दिवसांनी ठिगळ अजून चिकट, आत पांढुरके बुडबुडे. सगळं ग्राइंड करून काढलं, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत पुन्हा केलं. तड्याच्या कडा जाडीच्या बारापट उतरत्या घासल्या, म्हणजे चारी बाजूंनी सात सेंटीमीटर. मॅट आधी बल्बखाली वाळवली. अर्ध्या किलो रेझिनला हार्डनर साडेसात मिली. आणि कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रावण) वेगळं घेत असाल तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर नंतर. दोन्ही थेट एकमेकांत कधीच ओतू नका, भडका उडतो.

मामांच्या गावात पुराच्या वेळी गुऱ्हाळाची काहील (गूळ आटवायची मोठी कढई) पाण्यात घालून माणसं काढलेली आहेत, त्यामुळे त्यांचा विश्वास लोखंडावर. काहील दगडाला आदळली की पोचा पडतो आणि तसाच राहतो. फायबर वाकतं आणि परत येतं. हद्द ओलांडली तर तडकतं, पण पोचा धरत नाही. तडकलं तरी धागे बराच वेळ एकत्र धरून ठेवतात. संध्याकाळी मामांना ओरखड्यावर बोट फिरवायला लावलं. म्हणाले, "एवढंच व्हय?"

एक काम राहिलंय आणि ते झाल्याशिवाय मोटर लावणार नाही. फायबर पाण्यापेक्षा जड असतं, पाण्यानं भरली तर ही होडी बुडेल. बाकांखाली शंभर लिटर पीयू (पॉलियुरेथेन) फोम बसवायचाय, शंभर किलोच्या आसपास उचल मिळेल. थर्माकोल स्वस्त पडतो, पण पॉलिएस्टर रेझिन लागलं की विरघळून जातो, म्हणून तो नको. फोमच्या लाद्या बेळगावच्या उद्यमबागेतून पुढच्या शनिवारी आणतोय. तोवर लाइफ जॅकेट आणि वल्ही.