आतली खुर्ची

कालपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीय. ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात हायडनच्या शेवटच्या भागात माझ्या मुलीने, बायने, व्हायोलिनचा बो खाली घेतला, हात पुढे केला, पान उलटलं आणि पुन्हा वाजवायला लागली. सगळं मिळून दोन-तीन सेकंदांचं काम. शेजारची वाजवतच होती. मागचे-पुढचे वाजवत होते. थांबली माझी.

नोटेशनच्या प्रत्येक स्टँडवरची एकजण अशी थांबते, हे मला आता कळलंय. दोघींत एक स्टँड, बाहेरच्या खुर्चीवरची वाजवत राहते, आतल्या खुर्चीवरची पान उलटते. जगभर हीच रीत आहे म्हणे. असू दे. मला काल एकच हात दिसला.

कोणाशी बोलायची ही गोष्ट नाही, म्हणून लिहितेय. ह्यांना काल यायला जमलं नाही. त्याबद्दल आज लिहायचं नाही.

कार्यक्रम सुंदर झाला, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे काय लिहीन माझं मला माहीत नाही. पणजीत मिनेझिस ब्रागांझाच्या सभागृहात होता. बाहेर पाऊस नुसता ओतत होता. प्रवेशद्वाराशी त्या निळ्या अझुलेजो फरशांच्या चित्रांपाशी ओल्या छत्र्यांचा ढीग. आत मुलं सूर लावताना रडकुंडीला आली होती. या हवेत व्हायोलिनच्या खुंट्या फुगतात, हलता हलत नाहीत आणि हलल्या की एकदम सुटतात. सर स्वतः एकेकीजवळ जाऊन खुंट्या दाबून बसवत होते. हौशी ऑर्केस्ट्रा आमचा. शाळेतली पोरं, बँकेतले दोघे, निवृत्त डॉक्टर, चेलोवर एक पाद्री, आणि क्लॅरिनेटवर ते गृहस्थ, ज्यांची उमर जहाजांवरच्या बँडमध्ये गेली. तरी सूर लागला आणि सगळे एकदम गप्प झाले, तेव्हा अंगावर काटा आला. तंबोरे जुळले की बैठकीत जी शांतता होते, तीच ही.

सोलोवाली सगळी मुलंच. चेलोवरच्या मुलाने छोटंसंच वाजवलं, पण फार मनापासून. पियानोवाला तर अजून नववीत आहे. हायडनचा डी मेजर कॉन्चेर्तो, म्हणजे एक वाद्य पुढे आणि ऑर्केस्ट्रा साथीला, त्यातला तो हंगेरियन ढंगाचा शेवटचा भाग असा उडवत नेला की मोठी माणसं खुर्चीत पुढे सरकून बसली. पण कालचा दिवस खरा त्या दोघींचा. विवाल्डीचा दोन व्हायोलिनांचा ए मायनर कॉन्चेर्तो. मधल्या संथ भागात ऑर्केस्ट्रा एकच छोटी ओळ धरून बसतो, आणि त्या ओळीवर दोन व्हायोलिनं एकमेकींशी बोलतात. एक वाक्य टाकते, दुसरी ते अलगद उचलते, मग दोघी मिळून. थोरली आधीपासूनच तयार होती. धाकटीचं मात्र मला नवल वाटलं. सूर इतका स्वच्छ, की मी डोळे मिटून घेतले. तिची आई माझ्या पुढच्याच रांगेत होती, पदर तोंडाशी धरून. मागून कोणीतरी हळूच ‘देव बरें करूं’ म्हणालं.

ती धाकटी म्हणजे आमच्या बायच्या स्टँडवरची. दोघी एकाच वर्षी सरांकडे आल्या. एकाच मापाचं व्हायोलिन, एकच वर्ग, ट्रिनिटीच्या संगीत परीक्षाही बरोबरीने दिल्या. सोलो आटोपून मध्यंतरानंतर ती आपल्या जागेवर येऊन बसली, बाहेरच्या खुर्चीवर. आणि मग हायडन. आणि मग ते पान.

तिचं पान माझ्या मुलीने उलटलं. इथेच येऊन अडते मी पुन्हा पुन्हा.

परत येताना बाणस्तारीच्या पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. बाय मागच्या सीटवर व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन झोपलेली. मी काचेवरचं पाणी बघत बसले आणि माझ्या गाण्याच्या गुरूंच्या, बुवांच्या, बैठका आठवत राहिले. मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी. बुवा पुढे, त्यांच्या मागे डावीकडे मी, तंबोरा घेऊन. पंचम मधल्या बोटाने, पुढच्या तीन तारा पहिल्या बोटाने. गाण्याची लय कितीही चढो, तंबोऱ्याने धावायचं नाही. तालाच्या मागे जायचं नाही. घाम डोळ्यांत उतरला तरी हात काढायचा नाही. निवेदक तबल्यावर अमुक, पेटीवर तमुक असं नावानिशी सांगायचा, आणि मग ‘तंबोऱ्यावर त्यांच्या शिष्या’. मी किती वर्षं ‘त्यांच्या शिष्या’ होते! बुवा कधीतरी मागे वळून एक आलाप घ्यायची खूण करतील म्हणून मी घरून तयारी करून जायची. घसा गरम ठेवायची. वाटेत कोणाशी बोलायचीसुद्धा नाही. दुसऱ्यांना खूण झाली. मग लग्न ठरलं, आणि नंतरचं सगळं. जाऊ दे.

बायला आपल्या घरातलं गाणं सोडून हे का शिकवता, असं सगळ्यांनी विचारलं होतं. सासूबाईंनी तर वर्षभर. मी तेव्हा त्यांना ठासून सांगितलं होतं की 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून जी सोनेरी तबकडी आकाशात गेली, तिच्यावर आपल्या केरीच्या गायिका केसरबाईंची भैरवी आहे आणि त्याच तबकडीवर बाखचं व्हायोलिनही आहे. ज्यांनी पाठवली त्यांना दोन्ही शेजारी चालली. सासूबाई गप्प झाल्या. पण आत माझं कारण वेगळं होतं, ते कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं होतं, या संगीतात तरी माझ्या मुलीला कोणाच्या मागे बसावं लागणार नाही. सगळं कागदावर लिहिलेलं, ज्याला येतं त्याने वाजवायचं, खुणेची वाट बघायला नको. आणि इथेही आतली खुर्ची निघालीच. उलट माझ्यापेक्षा कठीण. मला निदान थांबायचं नव्हतं. हिला नेमून दिलेलं काम थांबायचंच.

रात्री झोप येईना तेव्हा कार्यक्रमाचं पत्रक घेऊन बसले, मग विवाल्डीबद्दल मिळेल ते वाचत राहिले. हा कॉन्चेर्तो 1711 मध्ये आम्स्टरडॅमला छापला गेला, बाराच्या संचातला आठवा. पुढे बाखने तो ऑर्गनसाठी उतरवून घेतला. हे पत्रकातच होतं. पत्रकात नव्हतं ते असं, की विवाल्डी 1703 पासून व्हेनिसमध्ये पिएता नावाच्या अनाथाश्रमात व्हायोलिन शिकवत होते. आईबापांनी सोडलेल्या मुली तिथे वाढायच्या, आणि त्यातल्या निवडक मुलींचा ऑर्केस्ट्रा ऐकायला युरोपभरातून लोक यायचे. त्या मुली चर्चच्या सज्जात जाळीआड बसून वाजवायच्या. ऐकणाऱ्यांना दिसायच्याच नाहीत. आडनावं नाहीत, वाद्यावरून ओळख: व्हायोलिनवाली आना मारिया. आना मारियाची कीर्ती दूरवर गेली होती. तिच्यासाठी खास कॉन्चेर्तो लिहिले गेले.

मी अर्ध्या रात्री त्या जाळीआड आना मारियाच्या शेजारी बसणाऱ्या मुलीचा विचार करत होते.

आणि लांब कशाला जायचं? मुंबईच्या रेकॉर्डिंगमध्ये आमच्या गोव्याच्या व्हायोलिनवाल्यांच्या रांगाच्या रांगा बसायच्या. चर्चच्या शाळांत लहानपणीच नोटेशन वाचायला शिकलेले हे लोक, कागद समोर ठेवला की वाजवायला तयार. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल शिकले, ते लोकांना ठाऊक आहेत, आणि असायलाच हवेत. रांगेतल्या बाकीच्यांची नावं तबकड्यांवर कधी छापली नाहीत. ती गाणी मी जन्मभर ऐकतेय. मधल्या जागेतली व्हायोलिनं तोंडपाठ आहेत मला. कोणी वाजवली, विचारायचं कधी सुचलं नव्हतं. काल रात्री प्रथमच सुचलं, आणि तेही स्वतःची पोर त्या रांगेत बसली म्हणून.

आज आयतार. सकाळी पत्री खुडून आणली, सूर्यनारायणाची पूजा झाली, नैवेद्याला पातोळ्या. बाय हळदीची पानं पुसून देत होती, मी पिठी थापत होते. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तोंडातून गेलंच. म्हटलं, ‘ती पान उलटायची पाळी तुझ्यावर नेहमीच का गं?’

ती म्हणाली, ‘पाळी नाही आई. मी आत बसते ना.’

‘पण तेवढं तुझं वाजवायचं राहतं.’

तिने माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. मग हातातलं पान खाली ठेवून समजावून सांगायला लागली. पानाच्या शेवटच्या दोन-तीन ओळी आधीच पाठ करून ठेवायच्या. खालचा कोपरा थोडा दुमडून ठेवायचा, म्हणजे बोटाला लगेच लागतो. पावसात कागद ओला होऊन दोन पानं चिकटतात, म्हणून सुरू करायच्या आधी सगळी पानं एकदा सुटी करून घ्यायची. तालमीच्या खोलीत पंखा असतो, तेव्हा कपड्यांचे चिमटे लावायचे, आणि उलटायच्या आधी नेमका वरचाच चिमटा काढायचा. (माझे चिमटे कुठे जातात ते कळलं.) उलटताना आवाज होता कामा नये. लवकर उलटलं तर शेजारणीची शेवटची ओळ जाते, उशिरा उलटलं तर पुढची पहिली. ‘आणि मग दोघींचं बुडतं, आई. हायडनमध्ये ती जागा फार फास्ट आहे. सर म्हणाले, आपल्या सेक्शनमध्ये सगळ्यात चांगलं पान मी उलटते.’

हे सांगताना तिचा चेहरा असा काही फुलला होता! मी बोटाने पिठी सारखी करत राहिले. काय बोलणार? तंबोऱ्याच्या तारेखालचा जव्हारीचा धागा नेमका कुठे सरकवला की तार बोलायला लागते, ते मला बुवांनी दाखवलं होतं. त्यांच्या इतर शिष्यांपैकी कोणाला ते तेवढं जमायचं नाही. बुवा दुसऱ्या कोणाला तंबोरे लावायला देत नसत. त्याचा मला किती अभिमान होता, तेही आठवलं. काल रात्री पुलावर बसून सगळं आठवलं, तेवढंच कसं नाही आठवलं?

तंबोरा लावून झाला की बुवा नुसतं ‘हं’ म्हणायचे. त्या ‘हं’साठी मी पुढच्या बैठकीची वाट बघायची. खरंच बघायची.

म्हणून टोचणी गेली असं नाही. त्या धाकटीची आई पदर तोंडाशी धरून बसली होती, ते दिसतंच डोळ्यांपुढे. पण मुलीचा हात आता निराळा दिसतो. त्या हाताला शेजारणीच्या ओळी पाठ आहेत.

पातोळ्या मोदकपात्रात ठेवल्यावर वाफेने स्वयंपाकघर हळदीच्या वासाने भरून गेलं. बाय ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, ‘पुढच्या वेळी मी सरांना विचारणार आहे.’

‘काय?’

‘त्या विवाल्डीतलं दुसरं व्हायोलिन मला येतं. सगळं. तिची तयारी चालली होती तेव्हा ऐकून ऐकून बसलं. मधल्या भागातलं एक फिंगरिंग जमत नाही, तेवढं सरांकडून करून घेईन. विचारलं तर रागावणार नाहीत ना?’

मी बुवांना कधी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं, हेच कोणी सांगितलं नव्हतं, आणि आमच्यात विचारायची रीतही नव्हती. हे तिला सांगावंसं वाटलं, मग नको वाटलं. म्हटलं, ‘विचार. रागावले तर रागावले.’

‘तू चल बरोबर.’

‘येते.’

‘पण तू काही बोलायचं नाहीस हं आई.’

बुधवारी तालीम आहे. तोपर्यंत तिला बोला लावायची नवी राळ आणायची, जुनी मधोमध फुटलीय. ह्यांनी गाडी ठेवली तर गाडीने, नाहीतर चारची कदंब बस पकडायची. मी दाराबाहेरच्या बाकावर बसणार. बोलेल ती.