सोलापुरात लाँगआर्म मशीन घ्यायला निघालात? आधी फ्रेमचं बोला

लाँगआर्म म्हणजे मोठ्या गोधड्या शिवायचं लांब हाताचं मशीन, आणि फ्रेम म्हणजे गोधडी ताणून धरणारा सांगाडा, ज्यावर ते मशीन सरकतं. फोनवर शब्द होता "सगळं मिळून". मशीन, फ्रेम, बसवून देणं, सगळं मिळून. त्या शब्दावर बार्शीहून पहाटेची एसटी धरली, वैरागमार्गे सोलापूर गाठलं, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसले. एप्रिलअखेरचं ऊन, वर पत्रा. दुकानदाराने कोटेशनचा कागद पुढे सरकवला तर त्यावर फ्रेमची ओळ वेगळी, ४८,००० रुपये. खाली स्टिच रेग्युलेटरची, म्हणजे टाके एकसारखे ठेवणाऱ्या यंत्रणेची, अजून एक. वर म्हणतो, "ताई, फ्रेम ऑप्शनल असते." फ्रेमवर चालणाऱ्या मशीनला फ्रेम ऑप्शनल, म्हणजे बैलगाडीला चाकं ऑप्शनल! निघायच्या आधी व्हॉट्सअॅपवर लेखी कोटेशन मागवा, त्यात मशीन, फ्रेम, रेग्युलेटर, वाहतूक, जीएसटी अशा ओळी वेगळ्या करून घ्या. लेखी देत नसेल तर तिकडे फिरकूसुद्धा नका.

घरच्या मशीनवर फ्री-मोशनचा, म्हणजे कापड हाताने हवं तसं फिरवत शिवायचा, हात बसलाय आणि मोठी गोधडी मशीनच्या पोटात कोंबून वैताग आलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. हात बसला नसेल तर एवढ्यात पैसे घालवू नका.

नवी पेठेच्या बाजूला एकाने "लाँगआर्म आहे की" म्हणून जे दाखवलं ते ताडपत्री आणि सोफ्याच्या कामाचं लांब हाताचं मशीन होतं. भक्कम आहे, पण ते कापड स्वतः सरळ पुढे ओढतं. वेलबुट्टी काढायला सुईखाली सगळ्या दिशांना मोकळीक लागते. तिथे पाच मिनिटं पुरे.

आता इंचांचं. सुईपासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर म्हणजे थ्रोट. १८ इंच ऐकून हुरळू नका. फ्रेमवर शिवून झालेली गोधडी त्याच जागेत गुंडाळत जाते. शेडमध्ये डेमोसाठी अर्धी गुंडाळलेली रजई होती, मी पर्समधली टेप लावली तर १२ इंच भरले. जाड वाकळ असेल तर आणखी कमी. लांबीतही तोच प्रकार. डबल गोधडी ९० इंच रुंद धरली तर अस्तर दोन्हीकडे चार-चार इंच जास्त लागतं, म्हणजे ९८. आठ फुटी फ्रेम मुळात ९६ इंचांची, त्यातही मशीनची स्वतःची रुंदी दोन्ही टोकांना जागा खाते. म्हणजे आठ फुटीवर डबल गोधडी सरळ बसत नाही. मला तीच "डबलला भरपूर" म्हणून विकत होते. दहा-बारा फुटी घ्यायची तर ती मांडून मागून-पुढून फिरायला जागा हवी, आपल्याकडच्या खोल्यांत ती बहुधा नसते.

रेग्युलेटर नसलेलं फ्रेमचं मशीन पहिल्यांदा घेणाऱ्याने घेऊच नये. मशीन फ्रेमवर ज्या चाकांवर सरकतं त्यावरचा सेन्सर मशीन किती सरकलं ते मोजतो आणि मोटर तेवढ्याच टाक्यांपुरती चालते, त्यामुळे टाके एकसारखे पडतात. तो नसेल तर वळणावर बारीक आणि सरळ रेघेत लांब टाके पडतात, गिऱ्हाईक पहिलं तेच बघतं.

अशोक चौकाच्या बाजूला मागावाल्यांच्या वस्तीत एका मेकॅनिककडे गेले आणि दिवस सार्थकी लागला. मी नेलेला नमुना म्हणजे वर-खाली जुन्या सुती साड्या, मध्ये फाटक्या सोलापुरी चादरीचा तुकडा. हा नमुना न्याच. दुकानवाले पातळ पॉलिस्टरवर डेमो देतात, त्यावर कुठलंही मशीन गोड चालतं. माझ्या तुकड्यावर त्याचं बैठं मशीन, म्हणजे फ्रेमशिवाय टेबलावर बसून चालवायचं, वळणावर टाके सोडायला लागलं. त्याने पोराला तेलुगूत काहीतरी सांगितलं, प्लेट उघडली, चाक हाताने हळूहळू फिरवून दाखवलं. कापड ओढलं की सुई वाकते, हुकाचं टोक दोऱ्याशेजारून रिकामंच निघून जातं. सोळा नंबर काढून अठरा नंबर सुई घातली, तोच तुकडा, तेच वळण, एक टाका सुटला नाही. तुकडा उलटा करूनही बघा, वळणावर खाली दोऱ्याचे लूप लोंबत असतील तर दोऱ्याचं टेन्शन बसेपर्यंत पैशाचं बोलू नका. सुई डीपी बाय पाच जातीची आहे का विचारा, ती इथल्या काउंटरवर मिळते. बॉबिनचंही तेच, सुटी मिळत नसेल तर ते मशीन सोडा.

अमेरिकेतून आलेलं जुनं मशीन स्वस्तात दाखवतील. मागची पट्टी वाचा. ११० व्होल्ट असेल तर आपल्या २३० वर ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याचं सर्किट उडालं तर सुट्या भागाची वाट बघत बसायचं.

मी १६ इंची बैठं मशीन टेबलासकट घेतलं. फ्रेम नाही, रेग्युलेटर नाही, कापड दोन्ही हातांनी फिरवायचं. ज्यांचा हात बसलाय त्यांना माझं हेच सांगणं आहे, पहिलं मशीन बैठंच घ्या. त्या दिवशी फ्रेमवाल्यांवर माझा राग होता, तेवढी सूट धरून वाचा, पण मोजमापं रागाने बदलत नाहीत.

सिद्धेश्वराचं दर्शन झालं, शेंगाचटणी घेतली, ते सगळं छान. हमालीचं मात्र ऐका. "देऊ ताई काहीतरी" म्हणत दोघांनी पहिल्या मजल्यावरून मशीन उतरवलं आणि टेम्पोत ठेवल्यावर १,५०० मागितले. मशीन टेम्पोत, मी उन्हात, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. हजारावर मिटलं, तेही मेकॅनिक मध्ये पडला म्हणून. उचलायच्या आधी आकडा ठरवा, टेम्पोच्या भाड्यात घरातला जिना धरलाय का तेही विचारा, आणि मशीनचं डोकं टेबलापासून सोडवून जुन्या गोधडीत गुंडाळून न्या.