दाविदाचा पंचनामा

स्मरणिकेसाठी आठवणी मागवल्या आहेत. गॅदरिंग, मैदान, मधल्या सुट्टीतले डबे यांबद्दल बाकीचे लिहितीलच. मी बायबलच्या तासाला हमखास निघणाऱ्या एका प्रश्नाबद्दल लिहितो. भायखळ्यातल्या आपल्या वर्गांत सगळ्या धर्मांची मुलं. त्यांतलं कुणीतरी विचारायचंच, "बाई, इस्राएलाच्या दावीद राजाने एवढं पाप केलं, तरी तो थोर कसा?" मुसलमान मुलांना तर ही गोष्टच पटायची नाही; त्यांच्याकडे हाच दाऊद पैगंबर. प्रश्न रास्त होता, आणि त्याचं निम्मं उत्तर वाचायच्या रीतीत आहे.

पोलीस पंचनाम्यात "फार वाईट झालं" असं लिहीत नाहीत, म्हणून त्यांना चोरी मान्य आहे असं कुणी म्हणत नाही. जुन्या करारातला निवेदक बहुधा तसाच लिहितो: कोण, कुठे, काय केलं. निकाल शोधावा लागतो.

जुन्या करारातल्या शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा ११वा अध्याय घ्या. राजे लढाईला निघतात त्या दिवसांत दावीद मात्र यरुशलेमेत राहिला, इथेच पहिली टोचणी आहे. मग बथशेबा: दुसऱ्याची बायको, ती दाविदाने आणवली आणि तिला दिवस गेले. मग तिच्या नवऱ्याला, उरीयाला, रणांगणावरून बोलावून घरी झोपायला लावायची खटपट, म्हणजे मूल त्याचं ठरावं. ती फसल्यावर सेनापती योआबाला चिठ्ठी, की उरीयाला लढाईत मरू द्या; आणि ती उरीयाच्याच हाती. एवढं होईस्तोवर निवेदक शेरा मारत नाही. २७व्या वचनाच्या शेवटी एकच ओळ येते: हे कृत्य परमेश्वराला वाईट वाटलं. पुष्कळ जण इथे थांबतात, कारण अध्याय संपतो. पण अध्यायांचे तुकडे १३व्या शतकात पाडलेले. मूळ लेखकाची गोष्ट तिथे तुटत नाही. अध्यायभर दावीद माणसं "पाठवतो". १२व्याच्या पहिल्याच वाक्यात परमेश्वर नाथान संदेष्ट्याला पाठवतो. क्रियापद तेच, धनी बदलला.

नाथान राजाला थेट दोषी म्हणत नाही. गरिबाची एकुलती कोकरी श्रीमंताने कापली, अशी फिर्याद मांडतो. दावीद भडकून चौपट भरपाईचा हुकूम देतो. हा आकडा हवेतला नाही. चोरलेल्या मेंढराबद्दल चार, हे निर्गम या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात, नियमशास्त्रात आहे. निकाल आरोपीच्याच तोंडून वदवल्यावर नाथान म्हणतो, तो माणूस तूच. पुढे बथशेबेचं बाळ, अम्नोन, अबशालोम, अदोनीया असे मेलेले चार मुलगे मोजून चौपटीचा हिशेब लावणारे भाष्यकार आहेत. मला तो मोह पटतो, पण मजकूर स्वतः तसं म्हणत नाही.

हे प्रकरण गाळता आलं असतं का? सहज. '१ इतिहास' या बायबलमधल्याच पुस्तकाच्या २०व्या अध्यायात तीच लढाई आहे, दावीद यरुशलेमेत राहिल्याचं वाक्यही आहे, बथशेबा मात्र नाही. म्हणजे शमुवेलाच्या लेखकाने ती मुद्दाम ठेवली.

दाविदाचा मुलगा आणि पुढचा राजा शलमोन याच्या बाबतीत फसगत जास्त होते, कारण '१ राजे' या पुस्तकाचा १०वा अध्याय स्तुतीसारखा वाचला जातो: वर्षाला ६६६ किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं, १,४०० रथ, १२,००० स्वार, घोडे मिसरातून. पुढच्या अध्यायात ७०० राण्या, ३०० उपपत्नी. आता 'अनुवाद' नावाच्या नियमांच्या पुस्तकाचा १७वा अध्याय उघडून शेजारी ठेवा: राजाने घोडे वाढवू नयेत, त्यासाठी मिसराकडे जाऊ नये, बायका फार करू नयेत, सोनंरुपं साठवू नये. वैभवाची यादी म्हणजे कलमवार आरोपपत्रच. ११व्यात निवेदक उघड दोष देतो, पण आरोप आधीच लागलेले असतात.

इस्राएलाचा मूळपुरुष याकोब याला तर असा उघड शेराही मिळत नाही. तो करडांची कातडी लावून, आपण थोरला भाऊ आहोत असं भासवून आंधळ्या बापाला फसवतो. पुढे त्याचा मामा लाबान धाकट्या मुलीऐवजी थोरली त्याच्या गळ्यात घालतो. म्हातारपणी त्याचेच मुलगे धाकट्या भावाचा, योसेफाचा, बकऱ्याच्या रक्तात भिजवलेला झगा त्याला दाखवून फसवतात. आपल्याला ही रीत परकी नाही. "नरो वा कुंजरो वा" नंतर युधिष्ठिराचा चार बोटं वर चालणारा रथ जमिनीला टेकला, त्यात सगळं आलं.

मात्र या किल्लीने प्रत्येक कुलूप उघडत नाही. निर्गमाच्या पहिल्या अध्यायातल्या शिफ्रा आणि पुवा या सुइणी इब्री बाळांना वाचवायला मिसराच्या राजाशी, फारोशी, खोटं बोलतात, आणि देवाने त्यांचं बरं केलं असं मजकूर स्पष्ट सांगतो. इफ्ताहाच्या मुलीचं प्रकरण याहून कठीण: 'शास्ते' या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात हा सेनानी घरातून प्रथम सामोरं येईल त्याचा बळी द्यायचा नवस करतो, मुलगीच सामोरी येते, नवस फेडला जातो, देव काहीच बोलत नाही, आणि नव्या करारातल्या 'इब्री लोकांस पत्रा'च्या ११व्या अध्यायात इफ्ताहाचं नाव विश्वासाच्या यादीत येतं. ती यादी त्याच्या विश्वासाबद्दल आहे, नवसाबद्दल नाही, हे उत्तर मी देतो. पण मुलीच्या बाजूने वाचलं की ते तोकडं पडतं.

दाविदाचं प्रकरण नव्या करारातही मिटलेलं नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या पानावरच्या येशूच्या वंशावळीत तामार, राहाब, रूथ नावानिशी येतात. शलमोनाच्या आईपाशी मात्र बथशेबा हे नाव नाही. तिथे लिहिलंय, उरीयाची बायको.