दुधाचे खाडे आणि अमेरिकेचा टॅक्स

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये नागपूरला गेले तेव्हा माझ्या मते माझा अमेरिकेचा टॅक्स भरून झालेला होता. फेब्रुवारीतल्या एका रविवारी डॅलसच्या घरी बसून, रूममेट सांगेल तसे नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे टाकले, तासाभरात रिटर्न गेलं. मार्चमध्ये रिफंडही खात्यात आला. टेक्सासला राज्याचा आयकर नाही, त्यामुळे तीही कटकट नव्हती. आता मुंबईच्या कॉन्सुलेटमधून एच-वन-बीचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा शिक्का आणायचा, मावसबहिणीच्या लग्नात मिरवायचं, तर्री पोहे खायचे आणि परत जायचं, एवढाच बेत.

लक्ष्मीनगरच्या आमच्या घराखाली एक काका राहतात. आपल्याकडच्या आयकर खात्यातून निवृत्त झालेत. संध्याकाळी ते फाटकापाशी खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, ‘काका, यंदा पहिल्यांदा रेसिडेंट म्हणून टॅक्स भरला.’

‘रेसिडेंट कशावरून?’

‘ऑक्टोबरमध्ये एच-वन-बी झालं ना माझं.’

‘व्हिसा कोण पाहते बेटा? दिवस मोज, दिवस.’

मला वाटलं, यांना इथला कायदा माहीत, तिथलं यांना काय कळणार. आपल्याकडे १८२ दिवसांचा नियम आहे, तो अनिवासी भारतीयांना पाठ असतो. पण रात्री झोप येईना. एक तर वेळेचा फरक, त्यात कूलरचा आवाज. अमेरिकी आयकर खात्याचं, म्हणजे आयआरएसचं, पब्लिकेशन ५१९ मोबाइलवर उघडलं. परदेशी लोकांनी टॅक्स कसा भरायचा, याचीच ती पुस्तिका. चार वर्षं तिथं राहून मी ती एकदाही उघडली नव्हती. त्यातही दिवसच मोजायला सांगितले होते.

चालू वर्षात किमान ३१ दिवस अमेरिकेत हवेत. शिवाय चालू वर्षाचे सगळे दिवस, मागच्या वर्षाचे एक तृतीयांश आणि त्याच्या मागच्या वर्षाचे एक षष्ठांश मिळून १८३ भरले पाहिजेत. ते भरले तर टॅक्सपुरते तुम्ही रेसिडेंट. ग्रीन कार्ड नसेल तर मुख्य चाचणी हीच. पण एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर असताना पहिली पाच कॅलेंडर वर्षं तुमचे दिवस धरतच नाहीत. आणि वर्ष म्हणजे बारा महिने नव्हे. मी ऑगस्ट २०२१ मध्ये गेले तरी २०२१ हे एक अख्खं वर्ष धरलं गेलं. म्हणजे २०२४ माझं चौथं. शिक्षण संपून ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या तात्पुरत्या परवानगीवर, नोकरी करत होते तेव्हाही मी एफ-वनवरच होते, त्यामुळे पगार चालू होता तरी ते दिवस मोजणीत नाहीत.

सकाळी हे सगळं आईला समजावायला बसले. स्वयंपाकघराच्या दारामागे २०२४ चं कालनिर्णय अजून खिळ्याला होतं, यंदाच्याखाली दडपलेलं. आई जुनं कालनिर्णय वर्षभर टाकत नाही, कारण त्यावर दुधाचा हिशोब असतो. ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या तारखेवर बारीक ‘खा’, म्हणजे खाडा. महिनाअखेरीस दूधवाला आणि ती दोघं मिळून खाडे मोजतात.

आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘म्हणजे तू तिथंच होतीस, पण खाडे धरायचे.’

अगदी तेच. ते पान-पान उलटून आम्ही मोजलं. लीप वर्ष असल्यानं १ जानेवारी ते ३० सप्टेंबर २७४ खाडे. १ ऑक्टोबरपासून दूध सुरू: ३१, ३०, ३१. एकूण ९२. त्याआधीच्या दोन्ही वर्षांचे शून्य. १८३ च्या निम्म्यावर कशीबशी गाडी. २०२४ साठी मी नॉन-रेसिडेंट होते आणि मी रेसिडेंटचा फॉर्म १०४० भरून मोकळी झाले होते. भरायचा होता नॉन-रेसिडेंटचा १०४०-एनआर. नेहमीच्या लोकप्रिय सॉफ्टवेअरमध्ये हा फॉर्म नसतो, ते तुम्हाला मुकाट १०४० च्या रस्त्याला लावतात. रूममेटचं बरोबर होतं, तिच्यापुरतं. तिचं लग्न झालंय, तिनं फर्स्ट-इयर चॉइस नावाची सोय घेतली होती. त्यात पुढच्या वर्षी १८३ भरेपर्यंत मुदतवाढ घेऊन थांबतात आणि मग जोडीनं रिटर्न भरतात. माझ्यासारख्या एकटीला त्यात काही हाती लागत नव्हतं.

आता नुकसान किती? काकांनी जुना कॅल्क्युलेटर काढला. स्टँडर्ड डिडक्शन नॉन-रेसिडेंटला एरवी मिळत नाही. पण भारत-अमेरिका कर-कराराच्या कलम २१ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना ते दिलंय. हा करार १२ सप्टेंबर १९८९ चा, काकांना तारखेसकट पाठ. वर्षातले नऊ महिने मी विद्यार्थी व्हिसावर होते, म्हणून ते १४,६०० डॉलर तसेच राहिले. फरक पडला तो फक्त बँकेच्या व्याजाचा. बचत खात्यावरचं ४१२ डॉलर व्याज मी उत्पन्नात दाखवलं होतं. नॉन-रेसिडेंटला बँकेतल्या ठेवीच्या साध्या व्याजावर टॅक्स नाही. ४१२ चे २२ टक्के, म्हणजे सुमारे ९० डॉलर मी जास्त भरले होते.

‘नव्वद डॉलरसाठी एवढं डोकं कशाला?’ बाबा म्हणाले. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. मग डब्ल्यू-२ पुन्हा नीट पाहिला.

डब्ल्यू-२ म्हणजे आपला फॉर्म १६ समजा. त्यात चौथा रकाना सोशल सिक्युरिटीचा, सहावा मेडिकेअरचा. चौथ्यात ५,२०८ आणि सहाव्यात १,२१८. माझा पगार वर्षाला ८४,०००. ६.२ टक्के आणि १.४५ टक्के, दोन्ही अख्ख्या वर्षाचे कापलेले! एफ-वनवरच्या नॉन-रेसिडेंटला हे दोन्ही कर लागत नाहीत, ते लागतात १ ऑक्टोबरपासून. पहिल्या नऊ महिन्यांचे ६३,००० डॉलर, त्याचे ७.६५ टक्के म्हणजे ४,८१९ डॉलर ५० सेंट. बाबांनी रुपयांत गुणून पाहिलं, चार लाखांच्या वर गेलं. त्यानंतर ‘डोकं कशाला’ हा प्रश्न घरात कोणी काढला नाही.

दर पंधरा दिवसांनी पगाराची पावती येत होती आणि मी फक्त खालची शेवटची ओळ वाचत होते, हा दोष माझाच. पण खरी गोम पुढे होती. ते पैसे परत मागायचे कशाच्या जोरावर? मी नॉन-रेसिडेंट आहे, या जोरावर. आणि त्याच वर्षाच्या रिटर्नवर मी स्वतःच्या सहीनं सांगितलेलं की मी रेसिडेंट आहे. ९० डॉलरचं रिटर्न दुरुस्त केल्याशिवाय ४,८१९ ला हात घालता येत नव्हता.

कंपनीच्या पेरोलला मेल केली. उत्तर आलं, वर्ष संपलं, आता आयकर खात्याकडे मागा. तो रस्ताही आहे: फॉर्म ८४३, त्याला जोडून ८३१६. पण आधी कंपनीकडे मागायचं आणि कंपनीनं नाही म्हटलं तरच तिकडे जायचं, असा क्रम आहे. मी फोनवर वेळ मागितली, सकाळी अकराची, म्हणजे आमचे रात्रीचे साडेनऊ. गच्चीवर उभी राहून बोलले, खाली लग्नघरातली माणसं मेंदी काढत होती. पलीकडची बाई तेच तेच म्हणत राहिली. मग काकांनी दुपारी पढवलेलं वाक्य टाकलं: माझ्या पगारातून जितकं कापलंत तितकंच कंपनीनं स्वतःच्या खिशातून भरलंय, ९४१-एक्स हा कंपनीचा दुरुस्ती फॉर्म भरलात तर तुमचेही ४,८१९ परत येतील. थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, मी वरिष्ठांशी बोलते.

दोन दिवसांनी मेल आली. व्हिसा, आय-९४ (अमेरिकेत आल्या-गेल्याची नोंद), आय-२० (कॉलेजचा विद्यार्थी-दाखला), ओपीटीचं कार्ड यांच्या प्रती मागितल्या, आणि एक लेखी निवेदन: हेच पैसे मी आयकर खात्याकडून वेगळे मागितलेले नाहीत आणि मागणार नाही.

इकडे रिटर्नची दुरुस्ती. चुकून १०४० भरला असेल तर १०४०-एक्स या दुरुस्ती फॉर्मच्या पहिल्या पानावर फक्त नाव, पत्ता आणि सोशल सिक्युरिटी नंबर लिहायचा, बाकी आकड्यांचे रकाने कोरे. मागच्या पानावर कारण. त्याला अख्खा नवा १०४०-एनआर जोडायचा आणि त्याच्या माथ्यावर ‘अमेंडेड’ असं लिहायचं. काका म्हणाले, ‘कारण दोन ओळीत लिही. अधिकाऱ्याला गोष्ट नको सांगू.’ मी अर्धं पान लिहिलं होतं, ते खोडलं.

सगळ्यात वेळ खाल्ला १०४०-एनआरच्या शेड्यूल ओआय या पुरवणीनं. अमेरिकेत कधी आलात, कधी गेलात, तीन वर्षांत दर वर्षी किती दिवस होतात, ३१ डिसेंबरला कोणता व्हिसा होता, कधी बदलला. इथे मात्र खाडे धरायचे नाहीत, प्रत्यक्ष हजर असलेले सगळे दिवस लिहायचे. २०२४ मध्ये मी बाहेर पाऊल टाकलं नव्हतं, म्हणून ३६६. पासपोर्टवरचे शिक्के इतके पुसट की तारखा आय-९४ च्या संकेतस्थळावरून घेतल्या. शिवाय फॉर्म ८८४३, ज्यात आपले खाडे कोणत्या व्हिसावरचे आहेत हे सांगायचं. हा मी दर वर्षी भरायला हवा होता, विद्यार्थी असताना कमाई नसली तरी. त्या वर्षांत कॉलेजनं आठवण केली म्हणून भरलेला होता, नशीब.

जेवणाच्या टेबलावर कागद मांडले की कूलरचा झोत यायचा आणि डब्ल्यू-२ थेट देव्हाऱ्यापर्यंत जायचा. कूलर बंद करण्याची सोय नव्हती, बाहेर ४२ अंश. शेवटी पोळपाट, लाटणं आणि खलबत्ता असे तीन फॉर्मांवर तीन वजनं ठेवून मी सह्या केल्या. तरी ८८४३ वर वाळ्याच्या ताटीतलं पाणी उडालंच. तो पुन्हा छापून आणला धरमपेठेतल्या झेरॉक्सवाल्याकडून. अमेरिकी मापाचा कागद त्याच्याकडे नव्हता, ए-फोरवरच काढला. चालला.

डॅलसला परतून टाकला असता तरी चाललं असतं, दुरुस्तीला साधारण तीन वर्षांची मुदत असते. पण मी मला ओळखते. १५ एप्रिलच्या आत हातावेगळं करायचं म्हणून काकांच्या स्कूटरवर मागे बसून सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत गेले. मी राहते डॅलसला, लिफाफा जाणार ऑस्टिनला, गाडीनं तीन-साडेतीन तासांवर, आणि मी तो नागपूरहून स्पीड पोस्टनं पाठवत होते. काउंटरवरच्या दादांनी आत काय आहे म्हणून विचारलं. ‘आयकराचे कागद.’ ‘अमेरिकेचे?’ त्यांनी लिफाफ्याकडे आणि मग काकांकडे सहानुभूतीनं पाहिलं.

परत येताना मी म्हटलं, काका, आयआरएसची मला खरंच भीती वाटते. ते म्हणाले, ‘आयआरएसची भीती नागपूरच्या पोरीनं घ्यावी? छिंदवाडा रोडवर आपल्याकडे आयआरएसवालेच घडवतात.’ त्यांचं खोटं नाही. प्रत्यक्ष करांची राष्ट्रीय अकादमी इथंच आहे आणि भारतीय महसूल सेवेचे आयकर अधिकारी तिथंच तयार होतात. आद्याक्षरं तीच, एवढंच.

कंपनीचे पैसे ऑगस्टच्या पगारात आले, सोबत दुरुस्त डब्ल्यू-२, म्हणजे डब्ल्यू-२सी. चौथ्या रकान्यात १,३०२ आणि सहाव्यात ३०४ डॉलर ५० सेंट. पहिल्या रकान्यातला पगार तोच राहिला, त्यामुळे रिटर्नला पुन्हा हात लावावा लागला नाही. नव्वद डॉलरचा चेक त्यानंतर आला. काकांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, व्याज किती लावलं ते पाहा.

यंदाचं, म्हणजे २०२५ चं रिटर्न मात्र खरोखर १०४०. एकही खाडा नाही, नागपुरातला महिना वजा केला तरी १८३ कधीच ओलांडले. पण रेसिडेंट झालं की जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं. बाबांनी सीताबर्डीच्या शाखेत माझ्या नावानं ठेवलेली एफडी, आईबरोबरचं जॉइंट खातं, सगळं. साऱ्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी एफबार हा परदेशी खात्यांचा फॉर्म वेगळा भरायचा. त्यावर टॅक्स नसतो, ती नुसती माहिती, पण न भरल्याचा दंड जबर. खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, करायचं राहिलं होतं, तेही या निमित्तानं बाबांच्या मागे लागून झालं.

‘माझ्या एफडीचं व्याज त्यांना काऊन सांगायचं?’ बाबांचा हा प्रश्न तीन फोन चालला. इथं कापलेल्या टीडीएसचा हिशोब तिथं कसा लागतो हे सांगून झालं, तरी त्यांचं समाधान नाही. शेवटी मागच्या आठवड्यात ते व्याजाचा दाखला आणायला बँकेत गेले. बँक देते एप्रिल ते मार्च, मला हवा जानेवारी ते डिसेंबर. बाबांनी तसं सांगितल्यावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘असं वर्ष नसते काका.’ बाबांनी तिथूनच मला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन तिच्यापुढे धरला. डॅलसला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते.