सोलापूरच्या मागांशेजारी पाहिलेली एक उडी

सोलापूरला मी यापूर्वी गेले होते ती सिद्धेश्वराच्या दर्शनाला आणि नात्यातल्या लग्नकार्यांना. या वेळी मात्र मुद्दाम यंत्रमाग पाहायला गेले. पुण्याहून संध्याकाळी निघालेली हुतात्मा एक्स्प्रेस दौंड, कुर्डुवाडी करत रात्री सोलापुरात पोहोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भुईकोट किल्ल्याच्या तटावरून सिद्धेश्वर तलाव पाहून आम्ही थेट पूर्व भागात गेलो. माझ्या मैत्रिणीच्या काकांनी तिथल्या एका कारखान्यात आयुष्यभर टॉवेल विणले आहेत. त्यांच्या घरात तेलुगू आणि मराठी सारख्याच सहजतेने बोलली जाते, आणि त्या घराला जेम्स बाँडच्या चित्रपटांचे अपार वेड आहे.

कारखान्यात शिरल्यावर पहिली काही मिनिटे कानाला दुसरे काही ऐकूच येत नाही. आडवा धागा नेणारा धोटा इतक्या वेगाने जातो-येतो की तो दिसत नाही, नुसती त्याची ये-जा जाणवते. काकांनी एका मागाजवळ उभे राहून नुकत्याच विणल्या गेलेल्या टॉवेलची किनार दोन बोटांत धरली, अंगठ्याने हळूहळू चाचपत नेली आणि एका जागी थांबून मला तिथे हात लावायला सांगितले. मला काहीच वेगळे लागले नाही; त्यांच्या मते तिथे एका धाग्याचा ताण सैल पडला होता. ‘कापड मधे फाटत नाही गं, ताण आला की आधी कडा आणि शिवण बोलायला लागते,’ असे ते म्हणाले. दुपारी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही असे जेवण झाल्यावर त्यांनी ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ लावला, तेव्हा याच वाक्याचा धागा पुढे चालू राहिला.

लुईस गिल्बर्ट यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७७ सालचा. रॉजर मूर बाँडच्या भूमिकेत आहेत आणि चित्रपटाची नामावली सुरू होण्याआधीच तो साहसप्रसंग येतो, ज्याच्यासाठी काका हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहतात. बर्फावर स्कीइंग करत बाँड पाठलाग करणाऱ्यांना चुकवत येतो, पुढे कडा संपतो आणि तो तसाच हवेत झेपावतो. संगीत थांबते. खूप वेळ तो नुसता खाली पडत राहतो, पायांतल्या स्की सुटून वेगळ्या होतात, आणि मग ब्रिटिश ध्वजाच्या रंगांचे पॅराशूट उघडते. ही उडी मूर यांनी नव्हे, तर रिक सिल्व्हेस्टर या गिर्यारोहक-स्कीपटूने जुलै १९७६ मध्ये कॅनडाच्या बॅफिन बेटावरील माउंट अ‍ॅसगार्डवरून खरोखर मारली होती. पडद्यावर कथा ऑस्ट्रियात घडते. पाठलागाचा भाग स्वित्झर्लंडमध्ये सेंट मॉरिट्झला चित्रित झाला आणि कडा मात्र उत्तर ध्रुववृत्ताजवळचा वापरला गेला. सपाट माथ्याच्या त्या सुळक्यावर हेलिकॉप्टरने माणसे आणि कॅमेरे नेऊन, वारा आणि ढग अनुकूल होण्याची वाट पाहत बसणे, हे सगळे दुसऱ्या चित्रीकरण पथकाचे दिग्दर्शक जॉन ग्लेन यांच्या देखरेखीखाली झाले. सिल्व्हेस्टरने १९७२ मध्येच अमेरिकेतील एल कॅपिटन या कड्यावरून पॅराशूट बांधून अशी स्की-उडी मारलेली होती, त्यामुळे ही कल्पना निर्मात्यांना निव्वळ धाडस म्हणून सुचलेली नव्हती. करून दाखवलेला माणूस त्यांच्यासमोर होता.

काकांनी चित्र नेमक्या एका जागी थांबवले. पॅराशूट उघडत असताना सुटलेली एक स्की खालून वर येते आणि छत्रीच्या कापडाला घासून जाते. डोळ्यांना तो क्षण जेमतेम जाणवतो, पण काकांची नजर कापडावर असल्याने त्यांना तोच सर्वांत मोठा वाटतो. छत्री अजून पूर्ण फुगलेली नाही, दोऱ्या ताणल्या जात आहेत, आणि अशा वेळी स्कीची कड कापडात अडकली असती तर खाली उतरण्याचा दुसरा उपाय हाताशी आणायला फार थोडा वेळ उरला असता. त्या वेळी कॅमेऱ्यांपैकी मुख्य कॅमेऱ्याच्या चौकटीतून सिल्व्हेस्टर निसटला होता. दुसऱ्या एका कॅमेऱ्याने संपूर्ण पतन टिपले म्हणून हा प्रसंग आज आपल्याला दिसतो. उडी मारणाऱ्याइतकेच श्रेय चौकट न सोडणाऱ्या त्या कॅमेरामनलाही द्यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

पुढचा भाग काका भराभर पाहतात. मला तो रेंगाळून पाहावासा वाटला. पाणबुड्या गिळणाऱ्या तेलवाहू जहाजाच्या पोटातले दृश्य घेण्यासाठी चित्रपटाचे कला-रचनाकार केन अ‍ॅडम यांनी इंग्लंडमधील पाइनवुड स्टुडिओत एक स्वतंत्र भव्य सभागृहच उभारले आणि ५ डिसेंबर १९७६ रोजी माजी पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. लोटस एस्प्री मोटार समुद्रात शिरून पाणबुडी होते, तो भाग बहामाजच्या पाण्यात चित्रित झाला. त्यातली एक मोटार खरोखर पाण्याखाली चालत होती, मात्र आत पाणी भरलेले असे आणि चालवणारे पाणबुडे श्वासाची साधने लावून बसत. लहान मुलांना हीच मोटार लक्षात राहते, आणि त्यात नवल नाही. तरी माझ्या मते या चित्रपटाची खरी उंची अ‍ॅसगार्डवरच्या उडीत आहे, कारण तिथे छोट्या प्रतिकृती किंवा टाकीतले पाणी नाही. एक माणूस, एक कडा आणि पाठीवरची घडी घातलेली छत्री एवढेच आहे.

या एका मतावर आमचे एकमत झाले, पण चहा येईपर्यंत वाद दुसरीकडे गेला. १९९५ च्या ‘गोल्डनआय’ या बाँडपटात साहसदृश्ये करणारे वेन मायकल्स यांनी स्वित्झर्लंडमधील व्हर्झास्का धरणाच्या सुमारे २२० मीटर उंच भिंतीवरून बंजी-दोर, म्हणजे ताणला जाणारा लवचीक दोर, बांधून उडी मारली होती. मी ती अधिक अवघड मानते. काँक्रीटची भिंत इतकी जवळ असताना झोका थोडा जरी वाकडा गेला तरी अंग तिच्यावर आपटण्याचा धोका असतो. काकांना हे मान्य नव्हते. दोराचे एक टोक धरणाला बांधलेले असते, छत्रीचे टोक कशालाच बांधलेले नसते, असे त्यांचे म्हणणे; आणि त्यावर मैत्रिणीच्या काकूने, जी एवढा वेळ शेंगा सोलत ऐकत होती, विचारले की, मग ती छत्री ज्यांनी शिवली त्यांची नावे चित्रपटाच्या शेवटी येतात का. आम्ही शेवटची नामावली पुन्हा लावून ओळीने वाचू लागलो.