पाच बटणे, अकरा मिनिटे

आज सकाळी माझ्या ९ वर्षांच्या मुलाने शर्टाची पाचही बटणे स्वतः लावली. त्याला ११ मिनिटे लागली आणि शाळेची रिक्षा दारात थांबलेली असतानाही मी त्याच्या मदतीला न धावता शांत उभी राहिले. त्याला डिस्प्रॅक्सिया आहे. त्यामुळे बुद्धी कमी होत नाही. एखादी हालचाल मनात आखून ती योग्य क्रमाने शरीराकडून करून घेणे अवघड जाते, आणि म्हणूनच काल जमलेली गोष्ट आज पुन्हा अडते. हे समजण्यापूर्वी मी त्याला कितीदा ‘धांदरट’ म्हटले, हे आठवले की आजही गळा दाटून येतो.

दुपारी वर्गशिक्षिकांना भेटले. फळ्यावरचे उतरवून घेताना त्याची सारी शक्ती अक्षर वळवण्यातच खर्च होते आणि मजकूर डोक्यात शिरत नाही, हे बाईंनी मनापासून ऐकून घेतले. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचा स्पष्ट उल्लेख आहे, हे त्यांना नवीन होते. यापुढे त्याला छापील टिपणे आणि लेखनाला जास्त वेळ मिळेल. खेळाच्या तासाबद्दल मात्र आमचे एकमत झाले नाही. सर्वांसमोर चेंडू झेलायला लावल्याने मुलाची भीती जाते, हे मला पटत नाही.

संध्याकाळी त्याने माझ्यासोबत कणीक मळली. रोजची कामे जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या व्यवसायोपचार तज्ज्ञांनी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) शिकवल्याप्रमाणे प्रत्येक टप्पा तो मोठ्याने बोलत होता: आधी पीठ, मग मीठ, मग थोडे थोडे पाणी. गोळा ओबडधोबड झाला, पण त्याची पोळी फुगली.